जुने अमेरिकन चांदीचे नाणे : किंमत कशी ठरवावी?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणरायाच्या मांडवात ज्ञानाची चार वाक्ये बोलायला आमच्यासारख्यांना उभे करावे, हा मंडळाचा मोठेपणा. आम्ही म्हणजे मंडळातले नाण्यांचा नाद असलेले चौघे. बोलायला पुढे केलेला हा गडी राज्य सरकारच्या रस्ते-इमारत खात्यात आहे, स्थापत्याची पदविका घेतलेला. आमच्या खात्यात एक नियम असतो : आधी मोजा, मोजमाप पुस्तिकेत लिहा, मग बिलाचे बोला. आज नाण्यांबद्दल जे सांगायचे आहे तेही एवढेच आहे.

अमेरिकन नाणीच का, असे काहींनी विचारले. आपल्या बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांतली मुले-मुली न्यू जर्सीला, शिकागोला, टेक्सासला स्थायिक झाली आहेत. आईवडील तिकडे सहा-सहा महिने राहून येतात. येताना सामानात चॉकलेट, बदाम, औषधाच्या गोळ्या आणि एखाद्या डबीत पाच-दहा नाणी. कुणाला ती मुलाने दिलेली असतात, कुणी तिथल्या बाजारातून हौसेने घेतलेली असतात. डबी देवघरात किंवा कपाटात पडून राहते. पुढे वाटणीची, लग्नकार्याची किंवा अडचणीची वेळ आली, की प्रश्न निघतो, “याचे किती येतील हो?” त्यावर दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक म्हणतो, “सोनाराकडे मोडीत घाला.” दुसरा म्हणतो, “शंभर वर्षांचे नाणे आहे, लाखात जाईल!” बहुतेक वेळा दोन्ही उत्तरे न मोजता दिलेली असतात.

नाण्याला दोन किमती असतात. पहिली धातूची. ती घरबसल्या दहा मिनिटांत निघते आणि तिच्या खाली नाणे कधी देऊ नये. दुसरी संग्राहकाची. ती असलीच तर पहिलीच्या वर असते आणि ती नाण्याने सिद्ध करावी लागते. पहिली कळली की कुणी आपल्याला फसवू शकत नाही. दुसरीचे नियम कळले की आपण स्वतःला फसवत नाही.

आता पहिली किंमत. अमेरिकेची टांकसाळ १७९२च्या कायद्याने फिलाडेल्फियाला सुरू झाली. १८३७पासून तिथल्या चांदीच्या नाण्यांचा कस ९० टक्के चांदी, १० टक्के तांबे असा ठरला. निव्वळ चांदी मऊ असते, हातोहात फिरताना लवकर झिजते, म्हणून तांब्याचा मिलाफ. आपला सराफ ज्याला टंच म्हणतो तो इथे नव्वद.

वजने लिहून घ्या. चांदीचा डॉलर २६.७३ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम. अर्धा डॉलर १२.५ ग्रॅम, चांदी ११.२५. पाव डॉलर, ज्याला ते क्वार्टर म्हणतात, ६.२५ ग्रॅम, चांदी सुमारे ५.६३. दहा सेंटचे डाइम अडीच ग्रॅम, चांदी २.२५. म्हणजे अर्धे, पाव आणि डाइम यांपैकी कुठलीही नाणी मिळून एक डॉलर केला, तर वजन २५ ग्रॅम आणि चांदी साडेबावीस. अखंड डॉलरात त्यापेक्षा दीड ग्रॅम जास्त.

समजा, समजायला सोपे म्हणून, चांदी ग्रॅमला १०० रुपये आहे. मग चांदीचा डॉलर २,४०६ रुपये, अर्धा १,१२५, क्वार्टर साधारण ५६३ आणि डाइम २२५. भाव रोज हलतो, तेव्हा त्या दिवशीचा किलोचा भाव बघा, हजाराने भागा आणि ग्रॅमने गुणा. पण एक काळजी घ्या. अमेरिकेत चांदीचा भाव औंसात सांगतात आणि तो ट्रॉय औंस असतो, ३१.१ ग्रॅमचा. किराण्याचा औंस २८.३५ ग्रॅमचा. दोन्हींची सरमिसळ झाली की हिशोब शेकडा दहाने चुकतो. आणि नाणे खूप झिजलेले असेल तर वजन थोडे कमी भरते. तिथले व्यापारी चिल्लर नाण्यांचे पोते घेताना डॉलरमागे ०.७२३ औंस न धरता ०.७१५ औंस चांदी धरतात, ते याच घटीमुळे.

पण कुठले नाणे चांदीचे आणि कुठले नुसते चांदीसारखे? इथे साल महत्त्वाचे. १९६०च्या सुमारास चांदीची मागणी इतकी वाढली, की नाण्यातली चांदी नाण्यावरच्या आकड्याला गाठू लागली. लोक नाणी साठवू लागले, बाजारात चिल्लर मिळेना. तेव्हा १९६५च्या कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधून चांदी काढून टाकली. म्हणून नाण्यावर १९६४ किंवा त्याआधीचे साल असेल तर चांदी, १९६५ किंवा पुढचे असेल तर तांबे-निकेल. कड बघितली तरी समजते. नव्या नाण्याच्या कडेला तांब्याची तांबूस रेघ दिसते, चांदीच्या नाण्याची कड सगळीकडे पांढरी असते. वजनही बोलते. नवा क्वार्टर ५.६७ ग्रॅम, जुना ६.२५.

याला तीन अपवाद लक्षात ठेवा. पहिला, अर्धा डॉलर. केनेडींच्या मुखवट्याचे १९६४चे नाणे ९० टक्क्यांचे, पण १९६५ ते १९७० या सालांचे ४० टक्क्यांचे. वजन ११.५ ग्रॅम, चांदी ४.६. दुसरा, पाच सेंटचे निकेल. एरवी त्यात चांदी नसते. दुसऱ्या महायुद्धात निकेल धातू लढाईच्या सामानाला हवा होता, म्हणून १९४२ ते १९४५ मध्ये ३५ टक्के चांदीची निकेल काढली. त्यांच्या मागच्या बाजूला, घुमटाच्या डोक्यावर, टांकसाळीचे अक्षर ठळक मोठे असते. तिसरा, डॉलर. १९३५नंतर बाजारात नवा डॉलर आला तो थेट १९७१चा, आयझेनहॉवरच्या मुखवट्याचा. तो हातात भरदार वाटतो, पण बाजारात चालणाऱ्या नाण्यात चांदी अजिबात नाही. संग्राहकांसाठी वेगळी काढलेली नाणी तेवढी ४० टक्क्यांची आहेत. त्यांचे वजन २४.५९ ग्रॅम, साध्याचे २२.६८. १९८६पासून निघणारे सिल्व्हर ईगल हे तर जवळजवळ शुद्ध चांदीचे, एक ट्रॉय औंसाचे. त्यावर एक डॉलर लिहिलेले असते म्हणून कुणी एक डॉलरला देऊ नका!

आता दुसरी किंमत, संग्राहकाची. इथे जुने म्हणजे महाग हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढायचा. १८९२ आणि १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी कोलंबसाच्या मुखवट्याचा अर्धा डॉलर काढला. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली आणि स्वामी विवेकानंदांचे ते प्रसिद्ध भाषण झाले. नाणे ऐतिहासिक आहे, सव्वाशे वर्षांहून जुने आहे. पण दोन वर्षांत मिळून ते ५० लाखांच्या आसपास पाडले, पुष्कळशी नाणी न खपता बाजारात चलन म्हणून फिरली. आज झिजलेल्या नाण्याला चांदीपेक्षा थोडेच जास्त मिळते. किंमत वयाला नसते. उरलेली नाणी किती आणि हवी असलेली माणसे किती, यावर ती ठरते.

ते ओळखायला तीन गोष्टी बघाव्या लागतात. साल, टांकसाळ आणि अवस्था.

टांकसाळीचे अक्षर हे बारीकसे असते, भिंगाने बघा. जुन्या नाण्यांत फिलाडेल्फियाचे अक्षर बहुधा नसतेच. ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, ‘डी’ म्हणजे डेन्व्हर आणि ‘सीसी’ म्हणजे नेवाडातले कार्सन सिटी. मॉर्गन डॉलरवर ते मागच्या बाजूला, गरुडाखालच्या पानांच्या माळेखाली सापडते. जॉर्ज मॉर्गन या कलाकाराने आखलेला हा डॉलर १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली निघाला. नेवाडाच्या खाणींतून चांदीचा पूर आला होता, आणि सरकारने दर महिन्याला निदान वीस लाख डॉलरची चांदी विकत घेतलीच पाहिजे असा कायदा १८७८ मध्ये झाला होता. म्हणून हे डॉलर कोट्यवधींनी पाडले गेले. एकट्या १९२१ साली फिलाडेल्फियाने चार कोटींहून जास्त काढले. ते झिजलेले नाणे घरात असेल तर धातूच्या किमतीहून थोडे अधिक समजा. उलट १८९३चा ‘एस’ अक्षराचा मॉर्गन फक्त एक लाख पाडला गेला. झिजलेला असला तरी त्याची किंमत साध्या मॉर्गनच्या कित्येक पट असते. फरक एका बारीक अक्षराचा! मॉर्गननंतर १९२१ ते १९३५ मध्ये, मधली काही वर्षे सोडून, ‘पीस डॉलर’ निघाला, पहिल्या महायुद्धानंतरच्या शांततेची आठवण म्हणून. त्यातही १९२८चा फिलाडेल्फियाचा डॉलर साडेतीन लाखांच्या आसपासच निघाला, म्हणून तो शोधला जातो.

पण किती पाडले हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. किती उरले, हे खरे. आणि इथे एक गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात कागदी नोटा देऊन चांदीचे रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली आणि सरकारी तिजोरीतले रुपये आटत चालले. ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली. अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा केला आणि तिजोरीत पडून असलेले २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले. त्यातल्या जवळपास २६ कोटी डॉलरांची चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली गेली, औंसाला एक डॉलर या दराने. ती इथे रुपये पाडायला आली. म्हणजे आपल्या आजीच्या पेटीतल्या १९१८च्या पंचम जॉर्ज रुपयात कदाचित वितळलेला मॉर्गन डॉलर असेल! गंमत सोडा, पण कुठल्या सालाचे, कुठल्या टांकसाळीचे किती डॉलर भट्टीत गेले याची नोंद कुणी ठेवली नाही. म्हणून मॉर्गन डॉलरचे पाडलेले आकडे आणि आज मिळणारी नाणी यांचा मेळ बसत नाही.

उलटही घडते. १९०३चा ‘ओ’ अक्षराचा मॉर्गन फार दुर्मिळ समजला जाई. १९६२ मध्ये सरकारी तिजोरीतून त्याची पोतीच्या पोती बाहेर आली आणि भाव कोसळला. तेव्हा दुर्मिळपणावर अवलंबून कर्ज काढू नका.

तिसरी गोष्ट अवस्था. संग्राहक १ ते ७० असे गुण देतात. ६०च्या वरचे म्हणजे चलनात न फिरलेले, कोरे. मॉर्गन डॉलरवर देवीच्या कानावरचे केस आणि गरुडाची छाती या उंच जागा, त्या आधी झिजतात. तिथले केस वेगवेगळे दिसतात की सपाट झालेत, हे बघा. १९८०च्या दशकात पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था निघाल्या. त्या नाणे तपासून, गुण देऊन, बंद डबीत घालून देतात. शुल्क आणि टपाल लागते, म्हणून प्रत्येक नाणे पाठवणे परवडत नाही. साल आणि अक्षर खरोखर दुर्मिळ असेल तरच. भाव बघायला ‘रेड बुक’ हे तिथले दरवर्षी निघणारे पुस्तक आहे. पण त्यातला भाव दुकानात आपण विकत घेण्याचा. दुकानदार आपल्याकडून घेताना त्याहून कमी देणार, हे आपल्या मांडवीच्या सराफ्यातही तसेच आहे. लिलावात तशाच नाण्याला प्रत्यक्षात किती आले, तो आकडा जास्त खरा.

आता भगिनींना हात जोडून एक विनंती. नाणे घासू नका. लक्ष्मीपूजनाच्या आधी चिंच, राख, रांगोळी किंवा दंतमंजन लावून नाणी चकचकीत करायची आपली रीत. त्याने नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात. जाणकाराला ते भिंगाखाली लगेच दिसतात आणि संग्राहकाची किंमत धुतली जाते. काळपट रंग हा मळ नसतो, चांदीवर हवेने चढलेला थर असतो आणि कित्येक संग्राहक त्यालाच जास्त पैसे देतात. पूजेची नाणी वेगळी ठेवा, ती खुशाल पंचामृतात घाला. तसेच नाण्याला कडी लावून पदक केले किंवा भोक पाडले, की उरते ती बहुधा फक्त धातूची किंमत. नाणी मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, त्यातून हिरवा चिकट थर चढतो. कोरड्या कागदी पाकिटात एकेक ठेवा, वर साल आणि वजन लिहा.

राहिला प्रश्न खोट्या नाण्यांचा. १८७३पासून अमेरिकेने चीनच्या व्यापारासाठी एक जड डॉलर काढला, ट्रेड डॉलर. वजन २७.२२ ग्रॅम, आणि नाण्यावरच लिहिलेले आहे, ४२० ग्रेन. आपल्याकडे या आकड्याचा अर्थ लहान मुलालाही कळतो! योगायोग असा, की सगळ्यात जास्त नकला होणाऱ्या अमेरिकन नाण्यांत तो येतोच.

ओळखायच्या चार कसोट्या. लोहचुंबक लावा, चांदी चिकटत नाही. शंभरांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन घ्या. व्यास मोजा, चांदीच्या डॉलरचा ३८.१ मिलिमीटर. चौथी कसोटी आमच्या आवडीची, कारण पदविकेच्या वर्गात खडीवर आम्ही हीच केली आहे : विशिष्ट घनता. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, काटा शून्यावर आणा. नाणे दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला-बाजूला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याचे वजन भागा. ९० टक्के चांदीचे उत्तर १०.३च्या जवळपास येते. २६.७३ ग्रॅमच्या डॉलरला काटा साधारण २.५९ दाखवेल. पितळ किंवा निकेलचे नाणे असेल तर उत्तर ९च्या आत-बाहेर येते. मात्र अस्सल साध्या डॉलरवर ‘एस’ किंवा ‘सीसी’ अक्षर चिकटवलेले असेल, तर वजन आणि घनता दोन्ही बरोबर येतील. म्हणून महागड्या अक्षराचे नाणे डबीबंद प्रमाणित असल्याशिवाय घेऊ नका.

हे सगळे कशासाठी, तर गेल्या वर्षी आपल्यातल्याच एका घरी पाहिलेली वाटणी सांगतो. वडील गेले, मागे तीन भावंडे आणि डबीत १२ नाणी. थोरल्याने प्रेमानेच प्रत्येकी चार काढली. बहिणीला सगळ्यात मोठे आणि सगळ्यात जुने म्हणून १८७५चा ट्रेड डॉलर, एक आयझेनहॉवर डॉलर आणि १९७६चे ढोलवाल्याचे दोन देखणे क्वार्टर दिले. धाकट्याला एक मॉर्गन, एक पीस आणि १९४३चे दोन अर्धे डॉलर. स्वतःकडे थोरल्याने १९६७चा अर्धा डॉलर आणि १९६४चे तीन क्वार्टर ठेवले. बहिणीला भारी वाटा मिळाला असेच सगळ्यांना वाटले.

आम्हाला नुसती नाणी बघायला बोलावले होते. आम्ही काटा आणि चुंबक घेऊन गेलो. ट्रेड डॉलर चुंबकाला चिकटला. आयझेनहॉवर आणि दोन क्वार्टरच्या कडेला तांब्याची रेघ. बहिणीच्या वाट्यात चांदी शून्य! धाकट्याकडे सुमारे ७०.६ ग्रॅम, थोरल्याकडे साडेएकवीस. खोलीत कुणी काही बोलेना. कुणाच्या मनात पाप नव्हते, पण चार वर्षांनी बहीण एखाद्या सराफाकडे गेली असती तर तिला काय वाटले असते? भावांनी जाणून केले, असेच ना?

थोरल्याने तिथल्या तिथे सगळी नाणी पुन्हा एका ताटात ओतली. एकूण चांदी ९२.१ ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी ३० ते ३१. बहिणीला मॉर्गन आणि एक १९६४चा क्वार्टर, धाकट्याला पीस आणि एक क्वार्टर, दोघांना २९.७ ग्रॅम. थोरल्याकडे दोन अर्धे, १९६७चे नाणे आणि उरलेला क्वार्टर, ३२.७ ग्रॅम. मॉर्गन आणि पीस दोन्ही नेहमीच्या सालांचे होते, म्हणून धातूच्याच हिशोबाने चालले. तीन ग्रॅमचा फरक बहिणीने हसून सोडला. खोटा ट्रेड डॉलर मात्र तिने मागून घेतला, बाबांच्या हातचा म्हणून. त्याची किंमत आम्ही लावली नाही.

तेव्हा मंडळी, घरी जाऊन डबी उघडा. एका वहीत प्रत्येक नाण्याचे साल, अक्षर, वजन आणि चुंबकाचा निकाल लिहा. शुद्ध चांदी काढा. वहीवर घरातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. आपल्या १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपूर्वीचे नाणेही येते, म्हणून असे नाणे परदेशी पाठवायचे असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा. आणि विकायचे ठरलेच, तर आधी आपला आकडा तयार ठेवा, मग समोरच्याचा विचारा.

उद्या आरतीनंतर आम्ही चौघे मांडवाच्या डाव्या बाजूला काटा, भिंग आणि चुंबक घेऊन बसणार आहोत. ज्यांना आणायची त्यांनी नाणी आणावीत. फी काही नाही. फक्त घासून आणू नका!

गणपती बाप्पा मोरया!